पाझर

आवाज बदलला होता. शरयू माजघराच्या उंबऱ्यात थबकली. पाणी गाळायच्या चिनीमातीच्या त्या दुमजली भांड्यात वरच्या पाण्याने भाजक्या मातीच्या पांढऱ्या मेणबत्तीतून झिरपावे आणि खालच्या पोकळीत थेंबाथेंबाने उतरावे, हे संथ टपटपणे तिच्या कानांत मुरले होते. बदनापूरच्या खालच्या आळीत पटकी शिरल्यापासून तर ती त्या थेंबांच्या भरवशावरच श्वास घेई. आज मात्र आत धार लागली होती.

तिने झाकण उचलले, पाण्यात हात घालून मेणबत्ती उपसली. पांढऱ्या अंगावर काजळीचे डाग होते, आणि बुडापासून शेंड्यापर्यंत केसासारखी एक चीर.

"आत्याबाई, ही कुणी काढल्ती?"

द्वारकाबाई अंगणात नवी मडकी धूत होत्या. केदारखेड्याचा पुतण्या पटकीनेच गेला. त्याचे सुतक काल फिटले, तशी घरातली जुनी मडकी त्यांनी बाहेर टाकून दिली होती.

"मी. बरणीला झिलई असती, तिला सुतक लागत न्हाई. ही तर मडक्यावानी पाणी पिती. फेकणारच व्हते, पण माझा जगन्नाथ सिकंदराबादेहून आला की माझ्या नावानं शंख करंल. म्हणून चुलीत भाजली. मडकं बी कुंभाराच्या आव्यातूनच शुद्ध हून येतं की."

"आणि मग?"

"मंग काय, लाल झाल्यावर गोमूत्र शिंपडलं अन् बसवली बराबर. तू थेंबाकडं बघत बसायचीस. आता बघ कशी जल्दी गळून राह्यली."

त्या स्वरातला अभिमान शरयूच्या अंगावर काट्यासारखा उमटला. ती पाळण्याकडे वळली. तिची लेक शैला आत निजली होती. ओठांच्या कडेला पाण्याचा ओघळ अजून ओला होता.

"शैलानं पाणी कधी प्यायलं?"

"सकाळधरनं पितीच हाय. उन्हाळा हाय, पिणार न्हाई तर काय?"

"चिरली आहे ही, आत्याबाई. विहिरीचं पाणी जसंच्या तसं खाली उतरलंय."

द्वारकाबाई आत आल्या. त्यांनी मेणबत्ती हाती घेतली, चिरेवर नख फिरवले. नख अडकले. चेहऱ्यावरची सासू कुठल्या कुठे विरली आणि मागे एक म्हातारी, भेदरलेली बाई उरली.

शरयूने चूल पेटवून पाणी उकळत ठेवले. आता त्याचा काय उपयोग, हे ठाऊक असूनही. मग पाळण्याशी येऊन तिने लेकीच्या पोटावर हात ठेवला. ऊब होती. पण ऊब उन्हाची की तापाची? झोपेत पोरीने तोंड वाकडे केले, आणि शरयूच्या आतले सगळे आकाश खचले.

मागे बरणीची तोटी उघडल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिले, तेव्हा द्वारकाबाई उभ्याउभ्या फुलपात्र घटाघटा रिते करत होत्या. शरयू धावली, हाती आले ते ओले, रिकामे भांडे.

"हे काय केलंत?"

"तिच्या पोटात जे गेलं ते माझ्या बी पोटात असू दे." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. आवाज मात्र स्थिर होता. "मला आधी ओकारी झाली तर पोरीला उचल अन् स्टेशन गाठ. जालन्याचा दवाखाना गाठ. माझ्यापाशी थांबू नको, समजलं?"

शरयू पाळणा आणि सासू यांच्या मधोमध बसली. ती आळीपाळीने दोघींच्या तोंडांकडे पाहत राहिली.