पाच काडतुसांचा आवाज

"आई, गंध लावलंस, फुलं वाहिलीस, इथवर ठीक. पण काडतुसं पंचामृतात कशाला बुडवलीस?"

कैवल्य इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. नयना शांतपणे ताम्हन पुसत राहिली. "पितळेची होती. पितळेच्या देवांबरोबर त्यांनाही घातली आंघोळ. हिरवट डाग पडले होते, ते चिंचेनं घासून काढले. किती वर्षं कुणी हात लावला नव्हता बिचाऱ्यांना."

"बिचाऱ्यांना? दुसऱ्या महायुद्धातली आहेत ती!"

"मग तर धुवायलाच हवी होती."

खंडेनवमी होती. पाटावर बाबाचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, ड्रिल मशिन आणि मधोमध झेंडूचा हार घालून घरमालक अबू जासिमची लांबलचक बंदूक, त्याच्या आजोबांची. कैवल्यचा बाबा संजीव इथे आखातात गॅस कंपनीत इंजिनियर. म्हणजे त्याला जगातलं कुठलंही सैल लाकूड घट्ट करता येतं, असं अबू जासिम धरूनच चालला होता. म्हणून पुढच्या व्हिलातली बंदूक मागे यांच्या आउटहाउसमध्ये आली. सोबत पाच काडतुसं. बंदुकीला परक्या घरी एकटीला पाठवत नाहीत, म्हणे.

बंदुकीचा सैल लाकडी दस्ता बाबानं कालच घट्ट केला. नळी कैवल्यनं साफ केली. आत कोळ्याचं जाळं निघालं, तेही चांगलं जुनं. त्याला जरा नवल वाटलं होतं, पण त्यानं नळी आणखी दोनदा पुसून काढली.

कारण त्याचं सगळं या बंदुकीला लटकलं होतं. शाळा त्यानं गणिताच्या सरांशी भांडून सोडली, त्याला वर्ष झालं. बाबा आता नाशिकचं तिकीट काढणार होता. आत्याकडे राहा, आयटीआय कर. पण अबू जासिमकडे जुन्या जीपांचं गॅरेज होतं, आणि तो म्हणाला होता, बंदूक नीट परत आली की पोराला ठेवून घेतो. आज संध्याकाळी त्याच्या नातवाचं लग्न. पुरुषांच्या नाचात घरातले पाच काका बंदुकीचे पाच बार काढणार. आणि काडतुसांतली दारू दह्यादुधात भिजलेली!

कैवल्यनं अरहानला फोन लावला. अरहान हैदराबादचा. जवळच्याच अल वक्रा गावात शिकारीच्या सामानाच्या दुकानात काम करायचा.

"दुसऱ्या महायुद्धातली पाच काडतुसं मिळतील का?"

अरहान हसतच सुटला. "भाई, वो माल खतम. पहले लकडी की पेटियाँ आती थीं, किलो के भाव जाती थीं. अब एक-एक ऐसे बिकता है जैसे सुनार के पास. पुराना माल चाहिए तो पुरानी जंग चाहिए, वो कौन लडेगा? तू?"

"मी तुझ्याशी लढेन!" कैवल्य पुन्हा ओरडला आणि त्यानं फोन कापला.

एवढ्यात दारात अबू जासिम. कडक इस्त्रीचा पांढरा झगा, हातात माळ. "कौन चिल्लाया?"

त्याची नजर पाटावर गेली. काडतुसं लखलखत होती. त्यानं एक उचललं, वास घेतला, कपाळाला आठ्या. "ये मेरा दादा का नहीं. ये नया है. किधर से लाया?"

"तेच आहे बाबाजी! आईने धोया," कैवल्य म्हणाला. "दूध, दही, तूप, शहद... और इमली."

अबू जासिम नयनाकडे बघत राहिला. नयनानं त्याच्यापुढे साखरफुटाणे धरले.

कैवल्यचा धीर सुटला. "सुनो, शायद खराब हो गया. एक चलाके देखो."

"चलाके?" म्हातारा दोन पावलं मागे सरला. "मजनून! पागल! रेट मालूम है? तीस साल से कोई नहीं चलाया!"

मग त्यानं समजावलं. काडतूस महाग झाल्यापासून प्रत्येक काका ते सगळ्यांना दाखवतो, बंदुकीत घालतो, नळी आभाळाकडे करतो. बार सालेमकाका तोंडानं काढतो. ठो! मग काडतूस काढून खिशात. पाहुणे टाळ्या वाजवतात.

कैवल्यला ते कोळ्याचं जाळं आठवलं.

"ये तो अच्छा चमकता है, फोटो अच्छा आएगा," अबू जासिम म्हणाला. "लेकिन मुश्किल दूसरा है. सालेम का नया दाँत. कल ठो बोला, दाँत बाहर." त्यानं कैवल्यकडे रोखून पाहिलं. "तू. फिर से चिल्लाओ."

"मी काय बंदूक आहे?" कैवल्यचं टाळकंच सटकलं.

बाहेर उभ्या गाडीचा अलार्म वाजायला लागला.

"वल्लाह," म्हातारा हळूच म्हणाला. "खलास. आज शादी, कल से गॅरेज. यल्ला, चलो!"

त्यानं बंदूक आणि काडतुसं घेतली आणि गाडीत जाऊन बसला. अलार्म बंद झाला, हॉर्न सुरू झाला. नयनानं कैवल्यच्या कपाळाला हळदकुंकू टेकवलं, तळहातावर पळीभर पंचामृत घातलं. "पी. घसा ओला राहील." मग बंदुकीवरून काढून ठेवलेला झेंडूचा हार घेऊन वळली.

"आई, हार नको! मला आता निघायला हवं."