धोंडाबाईंचा डबा

मनालीनं कॉलेजात मेजर, म्हणजे मुख्य विषय, कशात घेतलाय, हे सांगताना तिच्या आईची, राखीची, दरवेळी तारांबळ उडायची. "अमेरिकेत," एवढं बोलून ती मोकळी व्हायची. इतिहास, गाणी, सिनेमे, खाणंपिणं, सगळ्या बाजूंनी एकच देश शिकायचा, असला हा अमेरिका अभ्यास. नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत असं काही कुणी शिकलं नव्हतं. मनालीचा मात्र त्याच्यावर जीव जडला होता.

आणि तोच आता हातचा जायची वेळ आली. हा विषय शिकवणाऱ्या तृप्ती मॅडमनी तिचा प्रकल्प सरळ परत केला.

"हे सगळं इंटरनेटवर आहे. यात तू कुठे दिसतेस? एखादा अमेरिकन रिवाज तुझ्या कॉलनीत करून बघ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि घडेल ते लिही. पुढच्या गुरुवारी दे. नाहीतर मेजर बदलावा लागेल."

मनालीनं पॉटलक निवडलं. प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा, सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि आपापली भांडी उचलून घरी जायचं. सोप्पं!

शेजारच्या धोंडाबाई मूळच्या घोटीकडच्या. त्यांना हे काही पटेना. "म्हंजी पाहुण्याला बोलवायचं, आन् जेवाण बी त्यानंच आणायचं? तुझी अमेरिका लय चिक्कट हाय गं!"

पण शनिवारी संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये अख्खी कॉलनी लोटली. धोंडाबाईंचे कुळथाच्या पिठाचे शेंगोळे, राखीची मटकीची उसळ, कुणाची काळ्या मसाल्यातली वांगी, आणि खीर तर तीन घरांतून! मॅडमही बेकरीतला केक घेऊन आल्या. त्या मांडी घालून दोनदा शेंगोळे मागून घेताना दिसल्या, तेव्हा कुठे मनालीचा जीव भांड्यात पडला.

निघायच्या वेळी मात्र घोळ झाला. आपलं रिकामं भांडं उचलायला एक बाई तयार होईल तर शपथ! दुसऱ्याच्या घरचं खाल्लं, तर त्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं? जिची खीर खाल्ली तिचं पातेलं दुसरीनं घरी नेलं, दुसरीची कढई तिसरीनं. मॅडमच्या हातात धोंडाबाईंनी उरलेले शेंगोळे आपल्याच स्टीलच्या डब्यात भरून दिले. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं होतं.

रविवारी पातेली चिवडा, गुळाच्या पोळ्या भरून आपापल्या घरी परतली. एवढं आलं म्हणून सोमवारी इकडून वाटी गेली, मंगळवारी ती भरून परत आली. बुधवारी मनाली डोकं धरून बसली.

"आई, हे संपायलाच तयार नाही! शेवट काय लिहू? पार वाट लावली आपण पॉटलकची. आता गेला माझा मेजर."

"जे झालं तेच लिही," राखी म्हणाली. "मागच्या वेळी दुसऱ्याचं लिहून काय मिळालं?"

मनालीनं शेवटची ओळ लिहिली: पार्टी शनिवारी सुरू झाली, ती अजून चालू आहे.

गुरुवारी मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली. "शेवटपर्यंत करायला सांगितलं होतं मी."

मनालीनं प्रकल्प परत घ्यायला हात पुढे केला.

"पण हे कुठल्याच इंटरनेटवर सापडायचं नाही." मॅडमनी सही ठोकली आणि वर 'उत्तम' लिहिलं. मनालीला इतका आनंद झाला की तिथंच उड्या माराव्यात असं वाटलं.

मग मॅडमनी पिशवीतून धोंडाबाईंचा डबा काढला. चांगलाच जड होता.

"चार वर्षं झाली मला नाशकात येऊन. एकटीच राहते. असा डबा कुणी हातात दिला नव्हता. पहाटे उठून रव्याचे लाडू केलेत, पाक जरा फसलाय. देशील त्यांना?"

"देते, मॅडम. पण आता धोंडाबाई तुम्हाला पुन्हा काहीतरी पाठवल्याशिवाय राहायच्या नाहीत, बघा."

"माहितीये गं," मॅडम हसल्या. "म्हणून तर भरलाय."