नाव घेताना

अश्फाकनं बोकडाची दोरी जोरानं ओढली. पीरमहंमदनं आपल्या हातातलं टोक सोडलं नाही. दोघांच्या ओढाओढीत बोकडच फिरलं आणि ओरडायला लागलं.

"ह्या दारचं काम माझं हाय," पीरमहंमद म्हणाला. "कोंबडीचं दुकान न्हवं हे."

"दुकानातल्या सुरीला धार तरी असती. तुझ्या सुरीनं जनावराचे हाल हुत्यात. समदं गाव म्हणतंय."

"गाव म्हणतंय, का तू गावाला पढवलंयस?"

कडेगावजवळच्या त्या गावात जत्रेच्या खाऱ्या नैवेद्याला लालासाहेबांच्या मळ्यात बोकड पडायचं ते मुलाण्याच्या हातून. मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय त्या घरात मटण चुलीवर चढत नसे. आधी या दोघांचा बाप यायचा, मग थोरला म्हणून पीरमहंमद यायला लागला. यंदा लालासाहेबांनी रीतीप्रमाणं थोरल्याला सांगावा धाडला आणि फौजेतून सुट्टीवर आलेल्या त्यांच्या मुलानं, धैर्यशीलनं, धाकट्या अश्फाकला फोन केला. बापाला लेकाचं ठाऊक नव्हतं आणि लेकाला बापाचं. आई गेल्यापासून एकमेकांचं तोंड न बघितलेले दोघे भाऊ असे एकाच आंब्याखाली येऊन ठाकले.

"मला पढवायला येतंय," अश्फाक म्हणाला. "तुलाबी पढवायला पायजे हुतं. आईला माती देताना धाकट्याची वाट बघायची असती. कराडच्या रस्त्यावर गाडी बंद पडली म्हणून फोनवर फोन करत हुतो मी. तू उचलला न्हाईस."

"उनाचे दिवस हुते. तुझ्यापायी मय्यत ठिवायची व्हती काय?"

"मूठभर माती, भाई. तेवढी तरी ठिवायची."

"आरं, गप बसा की!" लालासाहेब बाजेवरून उठले. "जनावरापुढं तरी भांडू नका. पीरमहंमद, सुरी तू घे. अश्फाक, तू पाय धर. पोर असताना धरायचास की बापासंगं."

"आबा, आटपा लवकर," धैर्यशील म्हणाला. "दुपारी पावणे यायच्यात."

अश्फाक थुंकला, पण खाली बसला.

पीरमहंमदला हवं होतं ते मिळालं होतं. नुसता मान नव्हे, आणखी एक संधी. अश्फाकनं कोंबडीचं दुकान काढल्यापासून गावातली घरं एकेक करून त्याच्याकडं गेली होती, आणि तेव्हापासून नमाज झाली की पीरमहंमद हात पसरून अल्लाकडं एकच मागत होता. याचा उजवा हात लुळा पडू दे. मोठ्यानं मागायचा, भिंतीपलीकडं जाईल असं. बायको रहिमतबी एकदा वैतागली होती.

"एवढ्या मोठ्यानं कुणाला सांगताय? तो काय परगावी बसलाय? गळ्याच्या शिरेहून जवळ असतो तो. पोटात काय हाय ते त्याला कळलंच असंल."

"तू भाकरी थाप," तो खेकसला होता.

मागणं पोचत नाही, एवढंच त्याला कळत होतं. अश्फाकचा हात दिवसाला पन्नास कोंबड्या कापत होता. मग पीरमहंमदनं स्वतःच एक खूणगाठ बांधली. रक्त सांडण्याआधी जे नाव घेतो ते कधी वाया जात नाही. त्या नावाच्या पाठोपाठ, ओठ न हलवता, आपलं मागणं जोडून द्यायचं. ते कुठं अडायचं नाही.

त्यानं बोकडाला डाव्या कुशीवर निजवलं, तोंड पश्चिमेला केलं. पाठीमागं धरलेली सुरी पुढं घेतली. अश्फाकनं खूर घट्ट आवळले. त्याचं डोकं पीरमहंमदच्या इतकं जवळ आलं होतं की केसांच्या तेलाचा वास येत होता. आई लावायची तेच खोबरेल.

पीरमहंमदनं अंगठ्यानं केस बाजूला सारून शीर चाचपली. ती उडत होती. जन्मभर हजारो जनावरांची अशी शीर त्यानं चाचपली होती, पण ती कापायची जागा म्हणून. आज अंगठा तिथंच राहिला. त्याच्या स्वतःच्या गळ्यातली शीरही तशीच उडत होती.

"बिस्..." त्यानं तोंड उघडलं आणि थांबला.

ज्याचं नाव घ्यायचं तो जर रहिमतबी म्हणाली तसा या शिरेहून जवळ असेल, तर नावाच्या पाठीमागं दडवलेलं त्याला नावाच्या आधीच दिसलं असणार. आणि खूर धरून बसलेल्या अश्फाकच्या गळ्याशीही तो तेवढाच जवळ असणार. अंतर ठेवून त्याला काही सांगायची सोयच नव्हती. पीरमहंमदनं मागणं मनातून बाजूला सारायचा प्रयत्न केला. ते हलेना. मग नुसतं नाव घेऊन सुरी फिरवावी म्हटलं, तर जीभ उचलेना.

त्यानं सुरी खाली ठेवली आणि उठला.

"आबा, माझ्यानं हुईत न्हाई."

"हात कापाया लागला व्हय, चाचा?" धैर्यशील हसला. "म्हणून तर मी ह्यांना बोलवलं. आता वय झालं तुमचं."

पीरमहंमदचा हात दगडासारखा स्थिर होता. कुणाला दिसू नये म्हणून त्यानं तो खिशात घातला.

"व्हय, कापतोय," तो म्हणाला. "इथनं पुढं ह्यालाच सांगत जावा."

अश्फाकला हसू आवरेना. "आली का अक्कल? मघाधरनं दुसरं काय सांगत हुतो मी?"

त्यानं कमरेची आपली सुरी काढली आणि बोकडाच्या मानेशी सरकला. पीरमहंमद त्याच्या जागी बसला. त्यानं खूर धरले आणि अश्फाकपुरतंच बोलला.

"हात बरा हाय माझा. मन साफ न्हाई. तुझं असंल तर घे नाव."

"तुझ्यापरास साफ हाय," अश्फाक फिस्कारला.

त्यानं अंगठ्यानं शीर चाचपली. सुरी टेकवली. ओठ उघडले, पण नाव बाहेर पडेना. बोकडानं एकदा मान झटकली आणि परत निजलं. अश्फाकचा अंगठा तिथून निघाला नाही. चुलीपाशी बायका पाणी उकळवत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"आता तुमचं काय?" धैर्यशीलनं विचारलं.

अश्फाकनं वर बघितलं नाही.

"थांबा जरा," तो म्हणाला.