एक एप्रिलला बेरार्दिनो गप्प बसला

दर एक एप्रिलला बेरार्दिनो निम्म्या गावाच्या पाठीवर गुपचूप कागदी मासे चिकटवायचा; एप्रिल फूल करायची तिकडची हीच रीत. पन्नाशी उलटली तरी खोड गेली नव्हती. यंदा मात्र त्यानं कात्रीसुद्धा बाहेर काढली नाही.

तो अँटेना दुरुस्त करायचा. चार दिवस त्याच्या रेडिओवर जवळचं स्टेशन दबून समुद्रापलीकडचं ट्युनिस खणखणीत लागत होतं. वरची हवा बिघडली की असं होतं. उन्हाळ्यात उगाचही होतं म्हणा. पण मागच्या भूकंपाआधीही हे चारच दिवस चाललं होतं, आणि दुपारीच जमीन हलली होती.

साडेअकराला तो चौकात आला. न्हावी कोंचेत्सिओ दुकानाच्या दारात उभा होता.

"काय रे, आज मासे संपले? की म्हातारा झालास?"

"दुपारी दुकान बंद ठेव."

"का?"

शब्द अगदी ओठांवर आला होता. पण गेल्या वर्षी ह्याच दिवशी, 'बिशप केस कापायला येतोय' असं सांगून बेरार्दिनोनं ह्याला कोट घालून दोन तास बसथांब्यावर उभा केला होता. आता भूकंप म्हटलं तर गाव वर्षभर आपली टर उडवणार.

"काही नाही. ऊन छान पडलंय."

"मग तू शेक पाठ. मला कामं आहेत."

बेरार्दिनो घरी गेला. पास्त्याचं पातेलं, खुर्ची आणि आई, सगळं गाडीत घातलं. "आज मळ्यात जेवू," म्हणाला.

साडेबाराला जमीन हलली. आईच्या ताटातला पास्ता सांडला, एवढंच.

गावात न्हाव्याचं छप्पर खाली आलं होतं. कोंचेत्सिओ वाचला, पण कात्री धरायचा हात कोपरापासून गेला.

इस्पितळात त्यानं आधी विचारलं, "तुझी आई?"

"बरी आहे. मळ्यात होतो आम्ही."

"नशीब बघ."

"नशीब नाही रे." बेरार्दिनोनं खाली बघत रेडिओचं सगळं सांगून टाकलं. "तुला सांगणार होतो. वाटलं, हसशील."



"हसलोच असतो," कोंचेत्सिओ म्हणाला. "पोट धरून. आणि दुकान उघडं टाकून, दुपारभर बाहेर चौकात सगळ्यांना सांगत बसलो असतो."

त्यानं एक शिवी तरी हासडावी म्हणून बेरार्दिनो थांबून राहिला. कोंचेत्सिओनं डावा हात पुढे करून पाणी मागितलं.