अकरा मिनिटांची थोरली

लॅबवाल्या बाई स्टुलावर चढल्या, फ्रीजरच्या वरच्या कप्प्यातून थोरलीच्या रक्ताच्या नळ्या काढल्या आणि बर्फाच्या डब्यात घालून मोठ्या इस्पितळाकडे पाठवून दिल्या. स्टुलाशिवाय त्यांचा हात कुठेच पोहोचत नसे. वीस वर्षांत त्यांच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आज त्या आपणहूनच आपल्या मशीनला परीक्षेला बसवत होत्या.

कारणच तसं होतं. नऊ वर्षांच्या जुळ्या बहिणी, उंचीला बरोबरीच्या आणि दोघीही जेमतेम सहाच्या वाटणाऱ्या. वाढीच्या हार्मोनची तपासणी धाकटीची मोठ्या इस्पितळात झाली, तिथे नंबर लागेना म्हणून थोरलीची इथे. धाकटीचा आकडा आला पाच, थोरलीचा आठ. सातच्या खाली असेल तरच इंजेक्शनं, असं डॉक्टरांचं गणित. म्हणजे धाकटी वाढणार आणि थोरली आहे तिथेच राहणार.

थोरलीने काल बाईंना दारातच गाठलं होतं.

"मी अकरा मिनिटांनी मोठी आहे. ती उंच झाली तर सगळे तिलाच ताई म्हणतील ना?"

बाईंना आधी हसू आलं, मग आपली शाळा आठवली. उंचीप्रमाणे लागणाऱ्या रांगेत कायम पहिल्या उभ्या राहिलेल्या बाई त्या.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला.

"आमच्या मशीनवर थोरलीसुद्धा पाचच! तुमचं मशीन बरंच चढं मोजतंय, बाई. बरं झालं नळ्या पाठवल्यात."

बाईंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यांनी मशीनला एक टपली मारली आणि मुलांच्या जुन्या रिपोर्टांची फाइल काढली. अशी आणखी किती सुटली असतील, ते आता बघायचं होतं.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी बाई मुद्दाम दवाखान्यात गेल्या. आई डोळे पुसत होती आणि मुली "दोघींना! दोघींना!" करत खोलीभर नाचत होत्या. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांचेही पाय थिरकले.

"आधी कोण येतंय?" नर्सने विचारलं.

"मी! मी थोरली!"

थोरली ऐटीत पुढे झाली. मग तिला सुई दिसली. तिने धाकटीला हळूच पुढे सरकवलं.

"आज हिला होऊ दे ताई," ती म्हणाली, "अकरा मिनिटांपुरती."