मी, गाडीच्या पोटाखालचा पाट

मी पाट बोलतोय. जेवायला बसायचा नव्हे. मेकॅनिकला उताणं घालून गाडीच्या पोटाखाली सरकवायचा, सहा चाकांचा पाट. शाळा मी पाहिलेली नाही. लाकडाला कोण शाळेत घालतो? पण एकोणपन्नास वर्षं अमेरिकन गाड्या खालून बघितल्यात. वरून बघणारे ढिगानं असतात. रंग बघतात, दार आपटून बघतात, सीटवर बूड टेकून बघतात. खालून बघणारे आमच्या गावात दोघंच. मी आणि माझा मेकॅनिक व्हर्न प्रुइट. म्हणून आमची मतं ऐका. नाही पटली तर सोडून द्या. मला फरक पडत नाही. हल्ली कशानंच फारसा पडत नाही.

मला व्हर्नच्या बापानं केलं. होबर्ट त्याचं नाव. तो इंजिनांच्या फाउंड्रीत होता. गावातला बोलिंगचा अड्डा पाडला तेव्हा तिथल्या मेपलच्या चार फळ्या त्यानं खांद्यावर घालून घरी आणल्या. चाकं दवाखान्याच्या मोडक्या ढकलगाडीची. व्हर्ननं गॅरेज उघडलं त्या दिवशी बापानं मला त्याच्या पायाशी ढकललं आणि म्हणाला, "घे. थंड जमिनीवर लोळू नकोस, पाठ जाईल."

पाठ राहिली. बोटं गेली. ते पुढं सांगतो.

पूर्वीच्या गाड्या खालून उघड्या असायच्या. आठ सिलिंडरचं लोखंडी इंजिन, त्याच्या मागं गिअरबॉक्स, मग मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा. सगळं डोळ्यांसमोर. ऑइल गळायचं ते माझ्यावरच गळायचं, पण कुठून गळतंय ते दिसायचं तरी. म्हणून त्या फार गुणाच्या होत्या असं समजू नका. पेट्रोल म्हशीनं पाणी प्यावं तसं प्यायच्या. आमच्या मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं त्यांची पोटं सडायची. एकदा व्हर्ननं खालून पाना लावला तर तो पत्रा फोडून थेट आतल्या गालिच्याला लागला. मालक वर बसलेला. तो म्हणाला, "कोण आहे?"

आताच्या गाड्यांना खाली प्लास्टिकची झाकणं. ती काढायला वीस बटणं, त्यातली पाच तुटतात. आत इंजिन लहान आणि त्याला हवा कोंबायला दोन टर्बो. रस्ता सपाट आला की अर्धे सिलिंडर झोपतात. सिग्नलला सगळं इंजिनच बंद पडतं, आणि हे म्हणे मुद्दाम केलंय. आवाज पुरेसा येत नाही म्हणून आतल्या स्पीकरमधून खोटा आवाज काढतात. ऑइल पाण्यासारखं पातळ. गिअर दहा. माणसाला बोटं तेवढीच असतात म्हणून दहावर थांबले असतील.

ही मतं व्हर्नची. माझीही तीच, कारण माझ्या कानाशी एकोणपन्नास वर्षं तोच बडबडतोय. पण एक गोष्ट त्यानं वर कुणाला सांगितली नव्हती. असल्या एका नव्या इंजिनाखाली पडल्या पडल्या तो एकदा हळूच म्हणाला होता, "ताकद आहे हरामखोरात." ते फक्त मी ऐकलं.

दर शनिवारी सकाळी गॅरेजात मंडळी जमायची. घडीच्या खुर्च्या, कागदी पेल्यातली कॉफी, डब्यातले डोनट. ग्रेडी हस्का सगळ्यांत आधी यायचा, दोन कॉफ्या घेऊन. एक स्वतःला, एक व्हर्नला. ग्रेडी आणि व्हर्न शाळेपासूनचे. ग्रेडीनं तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा कोरी पिकअप घेतली. नेमकी सहा सिलिंडर आणि दोन टर्बोची. व्हर्नला आयतंच सापडलं.

"हे इंजिन आहे की शिलाई मशीन?"

"तुझ्या त्या आठवाल्याला चढावर मागं टाकतं. बोल!"

"टाकेल की. तीन वर्षं टाकेल. चौथ्या वर्षी मलाच दोरी घेऊन यावं लागेल."

"तुझी गाडी एका पंपावरून निघते ती दुसऱ्या पंपापर्यंतच पोचते, व्हर्न. मधे कुठं नेतोस का तिला?"

व्हर्नची मुलगी रोंडा कधी कधी यायची. गावाबाहेरच्या कारखान्यात ती विजेवरच्या गाड्यांच्या मोटरी जोडते. ती डोनट उचलायची आणि म्हणायची, "भांडा दोघं. दहा वर्षांत दोघांचीही इंजिनं भंगारात. माझी मोटर चालू असेल."

"तुझी मोटर! कपडे धुवायच्या मशीनमधली!"

"हो ना. आणि तिला ऑइल बदलायला कुणी म्हातारा लागत नाही."

सगळे हसायचे. व्हर्नही हसायचा. रोंडाच्या गाडीखाली आम्ही एकदा गेलो होतो. खाली काहीच नव्हतं. नुसता सपाट पत्रा. व्हर्न दोन मिनिटं बघत पडला आणि बाहेर आला. माझ्यावर थेंबही पडला नाही. त्या गाडीबद्दल माझं मत विचारू नका. मत यायला काहीतरी अंगावर पडावं लागतं.

आता बोटांचं.

चाळीसेक वर्षं हवेच्या बंदुकीनं नट काढले की ती थरथर हातात मुरते. आधी हिवाळ्यात बोटं पांढरी पडायची. मग मुंग्या. मग मुंग्याही गेल्या. कुणाला कळलं नाही. मला कळलं, कारण नट माझ्यावर पडायला लागले. बोल्ट आधी हातानं दोन आटे फिरवायचा असतो, तिरका जातोय का ते बोटाला समजतं. व्हर्नच्या बोटांतून तो सुटायचा आणि टक्कन माझ्या फळीवर यायचा. एक, मग दुसरा. तो शिवी द्यायचा, चाचपायचा. नट त्याच्या तळव्याखाली असायचा आणि तो शोधतच राहायचा. एके दुपारी त्यानं टाचणी घेतली आणि बोटाला टोचली. रक्त आलं. तो नुसता बघत बसला. रोंडानं विचारलं तेव्हा म्हणाला, "थंडी आहे."

जानेवारीत ग्रेडी ऑइल बदलायला आला.

ऑइलचा फिल्टर म्हणजे एक डबा. त्याच्या तोंडाला रबराची रिंग. जुना डबा काढला की रिंग त्याच्यासोबत यायला हवी. कधी कधी ती इंजिनालाच चिकटून राहते. वर अंधार, डोळ्याला दिसत नाही. म्हणून बोट फिरवायचं. ती तशीच राहिली आणि तिच्यावर नवा डबा आवळला तर दोन रिंगा एकावर एक बसतात. धरतात, धरतात आणि सटकतात. मग सगळं ऑइल रस्त्यावर. हे गॅरेजातल्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. व्हर्ननंच कितीजणांना शिकवलं.

त्यानं बोट फिरवलं. आळस केला नाही. पूर्ण गोल फिरवलं. बोट काही बोललं नाही. त्यावरून त्यानं धरलं की तिथं काही नाही. जुना डबा माझ्या शेजारीच परातीत पडला होता, त्याच्या तोंडाला रिंग नव्हती. मला दिसत होतं. मला तोंड असतं तर बोललो असतो.

नवा डबा चढवला. इंजिन चालू करून बघितलं, खाली कोरडं होतं. ग्रेडी हॉर्न वाजवत गेला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्याची पिकअप दुसऱ्या गाडीच्या मागं लटकून परत आली.

"हायवेला लागलो," ग्रेडी सांगत होता, "आणि स्क्रीनवर लाल काहीतरी आलं. ती बया रोजच काहीतरी म्हणत असते. पट्टा लाव, रेघेत राहा, दमलास, कॉफी पी. मी म्हटलं, म्हणू दे. मग खडखड आणि सगळं बंद. तू तीन वर्षं म्हणाला होतास ना? दोनच निघाली बघ."

व्हर्न माझ्यावर आडवा झाला आणि आम्ही खाली गेलो. फिल्टरच्या भोवती सगळं ऑइलनं माखलेलं. त्यानं डबा काढला. मग बॅटरी दातात धरून वर बघितलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं ती दुसरी रिंग काढली. फाटलेली होती.

बराच वेळ तो हलला नाही.

"काय रे, मेलास का खाली?" ग्रेडीचे बूट मला दिसत होते.

"बघतोय."

"काय झालंय?"

"ऑइल गेलंय."

खोटं नव्हतं. रिंग त्यानं खिशात घातली.

शनिवारी मंडळी जमली आणि तो दिवस व्हर्नचा झाला. जो तो म्हणाला, व्हर्न बरोबर होता. टर्बो नको, पातळ ऑइल नको, जुनं तेच खरं. ग्रेडीच सगळ्यांत मोठ्यानं. "माझीच अक्कल गहाण पडली होती. या माणसाचं ऐकायला हवं होतं." इतकी वर्षं व्हर्नला हेच ऐकायचं होतं. तो खुर्चीत बसून होता. डोनट हातात होता, तो खाली पडला तेव्हा दुसऱ्यानं सांगितलं, पडला म्हणून.

पुढच्या शनिवारी ग्रेडी लवकर आला. एकटाच. दोन कॉफ्या आणि एक कागद. गाडी अजून हमीत होती आणि कंपनी विचारत होती, ऑइल शेवटी कुणी बदललं, नीट बदललं का.

"दोन ओळी लिही आणि सही कर. बस."

"काय लिहू?"

"लिही, मी बदललं, नीट बदललं. तू म्हणालास नीट केलं, तर ते नीटच केलं. गावात कुणालाही विचारू देत त्यांना."

व्हर्ननं पेन घेतलं. पेन सुटलं. ग्रेडीनं उचलून दिलं. पुन्हा सुटलं.

"काय झालं तुझ्या हाताला?"

व्हर्ननं हात खिशात घातला. आत कशाला काय लागतंय ते त्याला कळेना. म्हणून त्यानं खिसाच उलटा केला. किल्ल्या, सुटे पैसे, एक नट आणि ती रिंग, सगळं टेबलावर पडलं.

"हे काय?"

"तुझ्या जुन्या फिल्टरची रिंग. नव्याच्या खाली राहिली होती."

"कुणी ठेवली?"

"मी. बोट फिरवलं होतं. बोटांना काही कळत नाही आता. वर्ष झालं."

ग्रेडीनं रिंग उचलली, ताणली, सोडली. "खिशात कधीपासून आहे?"

"अकरा दिवस."

"म्हणजे गेल्या शनिवारी मी त्या इंजिनाला आईबहिणीवरून शिव्या देत होतो आणि तू बसून ऐकत होतास."

"होतो."

"का?"

"वाटलं, बरं वाटेल." व्हर्न टेबलाकडं बघत होता. "काही वाटलं नाही."

ग्रेडीनं रिंग टेबलावर ठेवली. व्हर्नच म्हणाला, "इंजिन चांगलं होतं, ग्रेडी. मी खालून बघितलं होतं. चांगलं होतं ते."

रिंग राहिली हे सांगताना तो अडखळला नव्हता. हे सांगताना अडखळला.

ग्रेडीनं कागदाची घडी केली आणि गेला. त्याची कॉफी टेबलावर तशीच गार झाली. शनिवारची बैठक त्या दिवशी झाली नाही. नंतरही काही आठवडे झाली नाही.

व्हर्ननं त्याच दुपारी रोंडाला बोलावून हात पुढं केले आणि टाचणी टोचून दाखवली. ती म्हणाली, "बाबा, तू मूर्ख आहेस." मग ती त्याला डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, जे गेलं ते येणार नाही. मग व्हर्ननं अपघातात चेपलेल्या एका पिकअपमधलं तसलंच इंजिन भंगारवाल्याकडून आणलं. दोन टर्बो, सहा सिलिंडर. पण ते ग्रेडीच्या गाडीत बसवणार कोण? रविवारी रोंडा माझ्यावर आडवी झाली. तिचं वजन कमी. मला सवय नव्हती. व्हर्न स्टुलावर बसून सांगायचा, ती करायची. तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी, मार्चमध्ये, ग्रेडी आला. हातात दोन कॉफ्या. एक त्याची आणि एक रोंडाची. व्हर्न आपल्या थर्मासमधली प्यायला.

शेवटी फिल्टर राहिला.

"जुनी रिंग आली का सोबत?" व्हर्ननं विचारलं.

"आली, बाबा. दिसतेय."

"दिसू दे. तरी बोट फिरव."

"फिरवलं."

"सावकाश. काय लागतंय?"

"गार. गुळगुळीत. एका जागी बारीक ओरखडा आहे."

व्हर्ननं डोळे मिटले होते. "ओरखडा चालतो," तो म्हणाला. "लाव."

इंजिन चालू झालं. ग्रेडी दहा मिनिटं वाकून खाली बघत राहिला. मग जाताना व्हर्नला एवढंच म्हणाला, "आवाज शिलाई मशीनसारखाच आहे."

"आहेच," व्हर्न म्हणाला.

आता मी भिंतीला टेकून उभा असतो. माझं एक चाक जाम झालंय. रोंडानं स्वतःसाठी गादीवाला प्लास्टिकचा पाट आणलाय, तो बरा आहे म्हणतात. माझ्या वरच्या खिळ्याला ती फाटकी रिंग टांगलीय. नवं कुणी आलं की विचारतं, हे काय? व्हर्न सांगतो, माझी चूक. ग्रेडीच्या इंजिनाची नव्हे. दर वेळी तेवढेच शब्द, त्याच आवाजात.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. गाडीला, कंपनीला, नव्या जमान्याला शिव्या घालायच्या तर खुशाल घाला. मीही घालतो. पण आधी बोट फिरवा. बोट गप्प असेल तर दुसऱ्याचं बोट मागा. लाजू नका.

परवा गॅरेज बंद करताना व्हर्न माझ्यापाशी थांबला. त्यानं माझ्या फळीवर, जुन्या डागांवर, तळवा ठेवला. त्याला काही लागलं नसणार. मलाही काही वाटलं नाही, मी लाकूड. तरी त्यानं हात उचलला नाही आणि मीही होतो तिथंच राहिलो.