भुऱ्याचं पाणी

“दोन घागरी कुनासाठी गं? घरात मान्सं दोन आन् कुत्रं एक,” विहिरीच्या काठावरून जिवनबाई म्हणाली.

“कुत्र्याचा पाय धुवायचा आसतोय,” जनकाबाई म्हणाली.

“पाय तं दवाखान्यात ठिवून आली म्हनं तू.”

बायका हसल्या. जनकाबाई हसली नाही. तिनं चुंबळ नीट केली, घागर डोक्यावर घेतली आणि म्हणाली, “जिथं व्हता तिथं धुते,” आणि चालायला लागली.

त्या साली पाऊस पडलाच नव्हता. विहिरीच्या तळाला उतरायचं, झऱ्याखाली वाटी धरायची, वाटी भरली की घागरीत ओतायची आणि घागर भरेपर्यंत मागच्या बाईच्या शिव्या खायच्या. असल्या पाण्यानं कुत्र्याची जखम धुणारी बाई गावाच्या डोळ्यात खुपणारच. मलाही खुपली असती. पण जनकाबाईची आणि माझी भिंत एक. भुऱ्याचं कण्हणं मला माझ्या चुलीपाशी ऐकू यायचं, आणि ते ऐकून मला भाकर गोड लागत नव्हती.

सरकारनं डोंगरकड्याच्या रस्त्याचं काम काढलं होतं, आणि सगळं गाव तिथं खडी फोडायला जायचं. जनकाबाई जायची, तिचा नवरा कोंडीबा जायचा, मी जायची, आणि आमच्या मागं भुऱ्या यायचा. झाडाला पान उरलं नव्हतं, तेव्हा सावली एकाच गोष्टीची, खडीच्या ट्रकची. भुऱ्या तिच्यात झोपला. ड्रायव्हरनं ट्रक मागं घेतला आणि मागचा उजवा पाय चाकाखाली सापडला. ड्रायव्हर बिचारा खाली उतरला, डोक्याला हात लावला, पण त्याला पुढची खेप होती. जनकाबाई ट्रकच्या पुढ्यात जाऊन मांडी घालून बसली.

“अम्मा, बाजू हो. कुत्ताच है ना,” ड्रायव्हर म्हणाला.

“मह्या कुत्र्याला दवाखान्यात ने, न्हाई तं मह्या अंगावरून जा,” ती म्हणाली.

मुकादम ओरडला, कोंडीबानं हात धरून ओढलं, पण ती जागची हलली नाही. शेवटी ड्रायव्हरनंच भुऱ्याला उचलून ट्रकमध्ये ठेवलं. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, “बाई, इथं बैल येतात, म्हशी येतात. गावठी कुत्र्याचा पाय काढायला मला आजवर कोणी सांगितलं नाही.”

“म्या सांगून राहिले न्हवं,” ती म्हणाली.

एवढा जीव त्या कुत्र्यात का, असं मला पुष्कळांनी विचारलं. पोरगी नांदायला गेल्यापासून त्या घरात बोलायला भुऱ्याच होता. कोंडीबा माणूस चांगला, पण सकाळी एक शब्द बोलला तर दुसरा संध्याकाळी.

डॉक्टरनं पाय मांडीपासून काढला, टाके घातले आणि तिला बजावून सांगितलं की, जखम रोज लाल औषधाच्या पाण्यानं धुवायची, माशी बसू द्यायची नाही आणि चाटू द्यायचं नाही. चाटलं की टाके गेले आणि टाके गेले की कुत्रं गेलं.

आता कुत्र्यानं चाटू नये म्हणून माणसानं काय करावं? जनकाबाईनं वासराचं मुसकं काढलं आणि भुऱ्याच्या तोंडाला बांधलं. त्याला उठता येईना आणि घरात घाण करायची सवय नाही, म्हणून तिनं नवऱ्याचा पटका त्याच्या पोटाखालून घातला, दोन्ही टोकं हातात धरली आणि मागचं अंग उचलून ती त्याला उकिरड्यापर्यंत न्यायची. कोंडीबा डोक्याला फडकं बांधून कामावर यायचा. गडी त्याला विचारायचे, पटका कुणाला नेसवला रे, आणि तो खाली मान घालून खडी फोडायचा.

एक गोष्ट मात्र मला बघवायची नाही. भुऱ्याला कान खाजवायचा असायचा. तो बसल्या जागी मान वाकडी करायचा आणि मांडीचा खोडका भराभरा हालायचा. पाय नाही हे त्याला कुठं ठाऊक? कान तसाच राहायचा आणि तो आमच्याकडं बघायचा. मग जनकाबाई हातातलं काम टाकून त्याचा कान खाजवायची.

पहिले काही दिवस बरे गेले. मग जखमेला वास यायला लागला. औषधाचं पाणी लागलं की भुऱ्या किंचाळायचा. घरात एकच मोठं भगुनं होतं, जर्मलचं. त्यातच औषध कालवायचं, आणि मग घासून त्यातच त्याला प्यायला पाणी ठेवायचं. एके दिवशी मुसकं सैल होतं. जखमेला हात लागला आणि भुऱ्यानं मान फिरवून तिचं मनगट धरलं. दात रुतले. त्यानं लगेच सोडलं आणि कान पाडून बसला, पण रक्त आलं ते आलंच.

तिनं त्यावर तिखट दाबलं, चिंधी बांधली आणि कोंडीबाला सांगितलं की खडीची कपची लागली. मलाही तेच सांगितलं.

असं खोटं बोलायला कारण होतं. पौषात एक पिसाळलेलं कोल्हं गावात शिरलं होतं. त्यानं जळबाच्या पोराला धरलं. गावच्या कोणकोणत्या कुत्र्यांना धरलं, ते कोणी पाहिलं नव्हतं. जळबानं पोराला मंत्रवाल्याकडं नेलं, अंगारा लावला, गळ्यात दोरा बांधला. लेकराची जखम भरली, ते खेळायलाही लागलं, आणि शिमग्याच्या आधी एका सकाळी त्याला पाणी गिळेना. पुढचं मी सांगत नाही. गावानं ते भिंतीआडून ऐकलं आहे. तेव्हापासून जळबाच्या हातात कायम काठी असायची आणि तोंडात लाळ दिसलेलं कुत्रं तो सोडत नव्हता. पोलीस पाटील व्यंकटराव त्याला काही म्हणत नव्हते. काय म्हणणार?

आणि भुऱ्यानं पाणी सोडलं.

मुसकं सरकवून भगुनं पुढं केलं की तो मागं सरायचा, दात दाखवायचा. मुसक्यातून लाळ गळायची. अंग तव्यासारखं तापलेलं. जनकाबाई घास भरवायची तो एखादा घ्यायचा, पण पाणी म्हटलं की भिंतीत शिरायला बघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली आणि चुलीपाशी बसली.

“रुक्मा, येक बोलू?” तिनं चिंधी सोडली. मनगटावर दातांचे वण काळेनिळे पडले होते. “कपची न्हाई लागली. त्यानं धरलं.”

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

“आन् आता त्यो पानी पेईना. मलाबी सकाळधरनं घोट गिळंना गं. तोंडात घेते आन् गळा आवळतो.”

“भेवानं आवळत आसंल.”

“त्या लेकराला काय भेव व्हतं?”

मी म्हणाले, “कोंडीबाला सांग. चौदा इंजिक्शनं आसतेत पोटात घ्यायची. त्याईनं मानूस वाचतो म्हनतेत.”

“सांगितलं की आधी त्याला मारतील. मंग मला कसं कळंल? त्यो वाचला तं मी वाचले. त्योच मेला तं मी रोज पानी तोंडात घेऊन बघत बसू व्हय, आज गिळतं का उद्या?”

मी तिच्या मनगटाला चिंधी पुन्हा बांधली. मग तिच्या पाठीवर हात ठेवला.

बातमी लपत नाही. उन्हं कलल्यावर कामावरून माणसं परतली ती सरळ जनकाबाईच्या दारात. पुढं जळबा काठी घेऊन, त्याच्या मागं व्यंकटराव. त्यांच्या खांद्यावर रानडुकरं उठवायची बंदूक होती. भुऱ्या दाराच्या कडेला गोणपाटावर पडला होता.

“जनकाबाई, कुत्रं पानी पेत न्हाई म्हनं,” व्यंकटराव म्हणाले.

“ताप हाय तेला.”

“बाई, मला काय हौस न्हाई. सगळ्याईसमोर पानी पाज. पेलं तं आमी आल्या पावली जातो.”

“आन् न्हाई पेलं तं इथंच,” जळबा म्हणाला. “मपलं लेकरू गेलं. दुसऱ्याचं जाऊ देनार न्हाई मी.”

कोंडीबा डोक्याचं फडकं काढून हातात चुरगाळत उभा होता. तो बायकोजवळ गेला आणि हळूच म्हणाला, “जाऊ दे आता. लई तकलीफ झाली त्या मुक्या जिवाला. तुलाबी झाली. सुटंल ते.”

“त्यो सुटंल, मी न्हाई सुटत,” ती म्हणाली. त्याला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी तोंडाला पदर लावून उभी राहिले. सांगावं तर कुत्र्यावर गोळी, न सांगावं तरी गोळी.

जनकाबाईनं आत जाऊन भगुन्यात पाणी आणलं. माणसं चार पावलं मागं सरली. तिनं भुऱ्याजवळ बसून त्याच्या तोंडाचं मुसकं स्वतःच्या हातानं सोडलं, तेव्हा कोंडीबानं डोळे मिटले. मग तिनं भगुनं पुढं सरकवलं.

भुऱ्यानं ते पाहिलं आणि अंग चोरलं. पुढच्या दोन पायांवर घासत घासत तो मागं गेला, ओठ वर गेले, दात दिसले, आणि लाळेची तार गोणपाटापर्यंत लोंबली.

“पे रं बाबा,” ती म्हणत होती. “पे माझ्या राजा. येक घोट पे.” ती भगुनं इतकं पुढं पुढं रेटत होती की ते हिंदकळत होतं आणि पाणी मातीत सांडत होतं.

“बघा,” कोणीतरी मागून म्हणालं.

व्यंकटरावांनी बंदूक खांद्यावरून काढली. “बाई, बाजूला व्हा.”

ती बाजूला झाली नाही. भुऱ्याच्या आडवी बसली आणि भगुनं पुन्हा पुढं धरलं. कोंडीबा तिला उचलायला वाकला.

“थांबा,” जळबा म्हणाला.

सगळ्यात पुढं तोच होता. तो खाली वाकून बघत होता. भगुन्यातलं पाणी सांडून जिथं माती भिजली होती, तिथं भुऱ्याचं नाक गेलं होतं आणि जीभ बाहेर आली होती. मातीसकट तो ओल चाटत होता, आणि डोळे मात्र भगुन्यावरून काढत नव्हता.

“ह्याच्यात काय देता तेला?” जळबानं विचारलं.

“पानीच देते,” जनकाबाई म्हणाली.

“आनखी काय देता?”

तिनं भगुन्याकडं बघितलं. मग ती म्हणाली, “लाल दवा. धुवायची. ह्याच्यातच कालवते.”

जळबा सरळ झाला.  “माह्या लेकराचं तोंड पुसाया म्या वला फडका नेला, तं फडक्याला बघून त्याला झटके आले. वल्या भुईकडं बघत नव्हतं ते. हे वल चाटून राहिलं. हे पान्याला भेत न्हाई. ह्या भगुन्याला भिऊन राहिलं, दुखतंय म्हून.”

एवढं बोलून त्यानं तिच्या हातातून भगुनं घेतलं. उंबऱ्यासमोर पायरीचा दगड होता, मधे झिजून खोल झालेला. जळबानं सगळं पाणी त्यात ओतलं. अर्धं आजूबाजूला वाहून गेलं. त्या दिवसांत सांडलेल्या पाण्यावरून भांडणं व्हायची, पण एकही बाई बोलली नाही, जिवनबाईसुद्धा.

दगड भुऱ्यापासून दोन हात लांब होता. जनकाबाईनं पटक्याकडं हात नेला, तर जळबानं काठी आडवी धरली. “आपलं आपलं येऊ दे.”

भुऱ्यानं पुढचे पाय रोवले. मागचा एक पाय अंगाखाली घेतला, ढुंगण उचललं आणि उजव्या अंगाला पडला. नाही नाही ते आवाज त्याच्या तोंडून निघाले. पुन्हा उठला, या वेळी अंग डावीकडं झुकवून. लटलटत उभा राहिला, तीन उड्या मारल्या आणि दगडात तोंड घातलं. चपचप आवाज आला. सगळं गाव तो आवाज ऐकत उभं होतं. दगड कोरडा झाला तरी तो चाटतच होता, तेव्हा व्यंकटरावांनी बंदूक पुन्हा खांद्याला अडकवली आणि म्हणाले, “आनखी आना रे थोडं.” विहिरीवरून परस्पर आलेल्या जिवनबाईनंच आपली घागर उतरवली.

जनकाबाई रडली नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, “मलाबी दे गं.” मी तांब्या दिला. पहिला घोट तोंडात धरून ती पुष्कळ वेळ तशीच बसली. मग गिळला. मग सगळा तांब्या संपवला, गळ्यावरून पाणी ओघळलं, आणि तांब्या देताना चिंधी सरकली.

जळबाला ते दिसलं. “हे कवा?”

तिनं लपवलं नाही, भुऱ्यानं धरल्याचं सांगितलं. कोंडीबानं तिचं मनगट हातात घेतलं. “तू बोलली काहून न्हाई?” एवढंच तो म्हणाला, आणि खाली बसला.

“पानी पेलं आता,” मी जळबाला म्हणाले. “कुत्रं चांगलं हाय. आता कशाचं भेव?”

“चांगलं हाय,” जळबा म्हणाला. “माझं लेकरूबी चांगलं दिसत व्हतं, जखम भरली तवा.” काठी त्यानं भिंतीला लावून ठेवली. “उद्या पहिल्या गाडीनं दवाखान्यात जायचं, जनकाबाई. मी नेतो.”

“मी नेईन की,” कोंडीबा म्हणाला.

“तू कुत्र्यापाशी बस. टाके तुलाच बघायचे आता,” जळबा म्हणाला. मग तिच्याकडं वळला. “चौदाच्या चौदा घ्यायच्या. दुखतेत म्हनतेत. रडलीस तरी मी उठू देनार न्हाई. मलाबी तवा सांगितलं व्हतं गं, व्यंकटरावानं सांगितलं व्हतं. मी म्हनलो, येवढ्याशा लेकराला सुया कशाला.”